परबांचा गळा

कपबश्यांची किणकिण. एका कपाची नव्हे, चार-पाच कपांची, एकाच वेळी. ऐंशी सालच्या मार्च महिन्यात भांडुपच्या टेकडीवरच्या एका खोलीत मी ती ऐकली आणि मला वाटलं, भूकंप होतो आहे. मी घाबरून भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं. फोटो जागच्या जागी होते.

आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, ट्रेमधले कप वाजत होते. ते ठीक आहे, अशा वेळी कुठल्याही मुलीचे हात थरथरणारच. पण मग तिच्या भावाने एक कप उचलला, तोही वाजायला लागला. वडिलांनी उचलला, तो त्याहून जोरात! माझे मामा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मुलगी लाजते ते समजलं रे. पण सासराही लाजतोय का?"

जाता जाता मुलीने मला विचारलं, "तुम्ही नेहमीच इतकं हळू बोलता, की आज बघायला आलात म्हणून?" मी उत्तर जुळवेपर्यंत ती ट्रे घेऊन आत गेलीसुद्धा. तीच शैला. आमचं लग्न झालं.

त्या दिवसापासून सासुरवाडीचे किस्से साठत गेले. मी काही मुद्दाम साठवले नाहीत. एक विसरेपर्यंत दुसरा घडायचा, आणि दुसरा सांगायला गेलं की पहिला आठवायचा. आता घरात कार्य असलं की पोरं म्हणतात, "आजोबा, तो गोळ्यांचा किस्सा सांगा ना!" मी सुरू करतो. मी सावकाश बोलतो. अर्ध्यावर पोचलो की कोणीतरी शेवट सांगून मोकळं होतं, सगळे हसतात, आणि मी नुसती मान हलवतो. म्हणून म्हटलं, लिहावं. शाळा माझी सातवीपर्यंतच. पण कागद मला मध्ये तोडणार नाही.

*

लग्नाआधी शैलाला ठुशी करायची होती. ठुशी म्हणजे गळ्याला अगदी चिकटून बसणारा दागिना. त्याला गळ्याचं माप लागतं. माप घेऊन मी भांडुपच्या बाजारातल्या सोनाराकडे गेलो.

"मुलगी कोणाची?" त्याने विचारलं.

"टेकडीवरच्या परबांची."

त्याने माझ्या हातातला मापाचा दोरा घेतला आणि बाजूला ठेवून दिला. "परबांना माप कशाला? मागे दोन बोटं दोरा जास्तीचा सोडतो. पहिल्या मुलापर्यंत पुरेल. मग परत या!"

मला काही कळलं नाही. मग सासुरवाडीला जेवायला गेलो तेव्हा नीट बघितलं. सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या गळ्यावर कंठाच्या जागी एक मऊ उंचवटा होता. मेव्हणा वसंत, त्यालाही होता, जरा लहान. शैलालाही होता, पण तो पदरात जायचा. मी बघतोय हे आप्पांच्या लक्षात आलं. ते मिलमध्ये होते, तिथल्या आवाजामुळे नेहमी ओरडून बोलायची सवय. गळ्यावर थाप मारून मालवणीत म्हणाले, "गळो नाय तर परब कसलो!"

कुणाच्या घरात नाक लांब असतं, कुणाच्या घरात कान मोठे. ह्यांच्या घरात गळा. त्यात आजार आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. उलट सासूबाई, ज्यांचा गळा साधा होता, त्याच बिचाऱ्या वाईट वाटून घ्यायच्या. स्वतःची ठुशी हातानं हलवून म्हणायच्या, "इतकी वर्षां झाली, माझी अजून सैलच. मी अजून भायलीच, परब नाय!"

*

वसंत बसकंडक्टर होता. सगळ्या परबांसारखा तोही घाईचा. जेवताना आमचा पहिला घास व्हायचा, तोवर तो हात धुवून यायचा. डिसेंबरात थंड पाण्याने आंघोळ, आणि वर पंखा पाचवर. पाहुणे चादरी मागायचे.

एकदा स्टॉपवर एक म्हातारी मोठं गाठोडं घेऊन उभी होती. वसंत मदतीला खाली उतरला. गाठोडं चढवलं, म्हातारीला चढवलं, आणि घाईघाईत खालूनच आत हात घालून घंटीची दोरी ओढली. टिंग टिंग! बस गेली. कंडक्टर स्टॉपवर!

ड्रायव्हर नंतर सगळ्यांना सांगायचा, "आरशात बघतो तर काय, म्हातारी हात पुढे करून तिकीट मागतेय आणि मागे कोणीच नाही!"

वसंत पुढच्या स्टॉपपर्यंत पळत गेला आणि बस पकडली. मी विचारलं, "दम नाही लागला?"

"भावोजी," तो म्हणाला, "छाती आमची आधीपासूनच धावत असते. पायांनी फक्त तिला गाठायचं!"

तेव्हा मी खूप हसलो होतो. त्यात सगळं सांगून झालं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

*

आमची मुलगी नंदा झाल्यावर शैलाची धडधड वाढली. मी तिला नाक्यावरच्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जाडजूड, पांढऱ्या हाफ शर्टातले, तोंडाने तिखट आणि मनाने फार चांगले. त्यांनी शैलाची नाडी धरली आणि घड्याळ बघितलं.

"बाई, टेकडीवरून पळत आलात का? बाहेर बसा. दहा मिनिटांनी बघतो."

दहा मिनिटांनी परत नाडी. परत तेच. "अजून बसा."

तिसऱ्यांदा बघितलं. चौथ्यांदा बघितलं. दवाखाना रिकामा झाला, कंपाउंडरने बाकं पुसली, तरी नाडी काही खाली येईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही बसल्या बसल्या धावता का?"

त्यांनी गळ्यावर बोटं फिरवली. त्यांचा चेहरा बदलला. रक्त तपासायला शहरात पाठवलं. रिपोर्ट आला. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात तिला, ती एक रस करते, आणि शैलाच्या रक्तात तो रस फार जास्त होता.

डॉक्टरांनी आधी रस कमी करायच्या गोळ्या दिल्या. वर्षभर घेतल्या. गळा उलट वाढलाच. मग त्र्याऐंशी साली डॉक्टर म्हणाले, "आता ऑपरेशन. ग्रंथी काढून टाकू. कारखानाच बंद केला की माल कुठून निघेल?"

ऑपरेशनच्या दिवशी ते स्वतः दवाखाना बंद ठेवून हॉस्पिटलात आले. माझ्याबरोबर दुपारपर्यंत बाकावर बसले. मला चहा पाजला. मी काही बोलत नव्हतो, तर म्हणाले, "तुम्ही गप्प बसता ते बरं आहे. बाकी परब मंडळी आली असती तर हॉस्पिटललाच ऑपरेशन लागलं असतं!"

*

ऑपरेशननंतर शैला शांत झाली.

फारच शांत झाली. पूर्वी आमच्या खोलीत मी एक वाक्य बोलायचो आणि ती पंचवीस. आता दोघांची मिळून दोन. वसंत आला, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही हिला स्वतःसारखी करून टाकलीत की!"

मे महिन्यात ती स्वेटर घालून भाजीला निघाली. शेजारीण म्हणाली, "काय गं, कुठे लांब थंडीच्या गावाला?"

"नाही. मेथी आणायला."

केस गळायला लागले. दुपारी ती भिंतीला टेकून झोपून जायची, हातातलं निवडण तसंच. डॉक्टरांनी आता उलट्या गोळ्या दिल्या, रस वाढवायच्या. पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर खूश! "बाई, रिपोर्ट एकदम झकास! नॉर्मल!"

शैला हळूच म्हणाली, "रिपोर्टला बरं वाटतंय ना? मग झालं."

डॉक्टर हसले, मीही हसलो. घरी येताना तिने विचारलं, "मी बरी झाले ना हो?"

मी म्हटलं, "हो तर." डॉक्टरांनी सांगितलं होतं, कागदावर लिहिलं होतं. मी रंगाच्या कारखान्यात डबे भरणारा माणूस. डब्यावर जे लिहिलेलं असतं तेच आत असतं, असं मी धरून चालायचो.

दोन-तीन वर्षांत गळा परत आला. जखमेच्या वणाच्या वर, नव्याने. डॉक्टरांनी बघितला आणि कपाळावर हात मारला. "हा गळा आहे की नख? कापलं की वाढतंय!"

*

हाच तो गोळ्यांचा किस्सा.

शैलाच्या जुन्या गोळ्यांची, रस कमी करायच्या गोळ्यांची, एक बाटली उरली होती. नव्या गोळ्यांची, रस वाढवायच्या, दुसरी होती. आप्पांना औषध टाकून दिलेलं आवडायचं नाही. एक दिवस मी टेकडीवर गेलो तर आप्पांच्या समोर दोन्ही बाटल्या!

"आप्पा, हे काय?"

"माझोय गळो आसाच मा," आप्पा म्हणाले. "शैलाचा औषध माका चलता."

"पण दोन्ही?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही जावई अगदीच बावळट निघाला. "अरे, ही गोळी कमी करता, ही वाढयता. दोनी घेतलंय की बरोबर मधी रवतंय!"

मी धावत डॉक्टरांकडे गेलो. म्हणजे माझ्या मानाने धावत. डॉक्टर स्वतः टेकडी चढून आले, घामाघूम. नाडी बघितली, छाती तपासली, डोळे बघितले. आप्पा ठणठणीत. नाडी शंभरच्या वर, पण ती आप्पांची नेहमीची.

"किती दिवस घेताय?"

"गणपतीपासून."

दिवाळी होऊन गेली होती. डॉक्टर स्टूलवर बसले. "आप्पा, तुम्ही माणूस आहात की तराजू?"

जाताना मात्र ते वाटेत थांबले. मला म्हणाले, "ह्या म्हाताऱ्याला काहीच कसं झालं नाही?" मी काय सांगणार? मग ते त्यांच्या वाटेने गेले, मी माझ्या.

*

अठ्ठ्याऐंशी साली नंदा दुसरीत होती. बाईंनी मला शाळेत बोलावलं.

"तुमची मुलगी हुशार आहे हो. पण तिला आम्ही अजून बसलेली पाहिलेली नाही."

घरी मी तिला पाढे म्हणायला घेऊन बसलो. मी म्हटलं, "नऊ एके नऊ..." आणि पुढचं तिने म्हणावं म्हणून थांबलो. समोर कोणीच नाही. आतून आवाज आला, "बाबा, तुम्ही नऊ म्हणेपर्यंत मी पाणी पिऊन आले!"

शाळेला त्याचं हसू येत नव्हतं. मग एक दिवस तिची वेणी घालताना शैलाचा हात पोरीच्या गळ्यावर थांबला. तिने माझा हात धरला आणि तिथे ठेवला. मऊ, छोटासा उंचवटा, आणि त्याच्याखाली उडणारी शीर.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त पाठवलं. रस जास्त! आईसारखाच.

"आईचं केलं तसंच हिचंही करू," डॉक्टर म्हणाले. "लहानपणीच झालेलं बरं. मे महिन्याच्या सुट्टीत उरकून टाकू, शाळा बुडायची नाही."

मे महिना म्हटल्यावर मला एकदम तो स्वेटर दिसला. सात वर्षांच्या पोरीच्या अंगात.

शैलाची तर फार ओढाताण झाली. सकाळी म्हणायची, "करून टाका. शाळेत बसेल तरी." संध्याकाळी म्हणायची, "नको हो. ती माझ्यासारखी होईल." मी दोन्ही वेळा "हं" म्हणायचो. दोन्ही मला खरंच वाटायचं.

*

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी ह्या वेळी एक जास्तीची टेस्ट करायला सांगितली. ती नवीन निघाली होती. त्यात दोन आकडे यायचे. एक त्या रसाचा. दुसरा डोक्यातून ग्रंथीला जो निरोप येतो त्याचा, "कर, अजून रस कर" म्हणून. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, की रस जास्त झाला की निरोप बंद पडतो. म्हणजे पहिला आकडा वर गेला की दुसरा खाली गेलाच पाहिजे.

नंदाचे दोन्ही आकडे वर!

"लॅबवाल्यांनी बाटली बदलली," डॉक्टर म्हणाले. "परत रक्त."

परत दोन्ही वर. डॉक्टर लॅबला फोनवर इतके ओरडले की बाहेरच्या पेशंटांनी आपापल्या बाटल्यांवरची नावं तपासून घेतली. तिसऱ्यांदा रक्त काढताना नंदा मला म्हणाली, "बाबा, ह्यांच्याकडून माझं रक्त सारखं हरवतं का?"

तिसऱ्यांदाही तेच.

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढून त्याच्यावर ठेवला. "मला काही कळत नाही," ते म्हणाले. मग आजूबाजूला बघून हळूच, "एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पेशंटसमोर बोललो नव्हतो. बाहेर सांगू नका, वाट लागेल माझी!"

आणि त्यांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली. ऑपरेशनची तारीख मात्र तशीच ठेवली. मध्ये तीन आठवडे होते.

*

मोठ्या हॉस्पिटलात ह्याच विषयाच्या एक मॅडम होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. मला बरं वाटलं, माझ्या वेगाचं कोणीतरी भेटलं. त्यांनी नंदाचं रक्त घेतलं, शैलाचं घेतलं. मग म्हणाल्या, "तुलना करायला घरातली दोन ठणठणीत माणसं हवीत. ज्यांना काही त्रास नाही अशी. आईच्या माहेरची असली तर उत्तम."

शैला लगेच म्हणाली, "माझे आप्पा आणि माझा भाऊ. दोघं एकदम ठणठणीत!"

आता हे वाचून तुम्ही हसाल. पण आम्ही अगदी मनापासून सांगत होतो. मीही मान हलवली.

ठरल्या दिवशी वसंतला ड्युटी लागली. आप्पा एकटेच माझ्याबरोबर आले, शहरात जायचं म्हणून गळ्याला मफलर, डोक्याला टोपी. त्यांचं नाव पुकारलं, ते आत जाऊन रक्त देऊन आले. थोड्या वेळाने पुकारा झाला, "वसंत परब!" मी उठून सांगणार होतो, की आज आला नाही. पण मी उठेपर्यंत आप्पांनी टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि ते परत आत गेले!

बाहेर आले ते दुसऱ्या हाताला कापूस लावून. मी म्हटलं, "आप्पा, हे काय केलंत?"

"पोराची रजा कशाक फुकट घालवायची? रगात येकच आसा मा!"

आठवड्याने बोलावणं आलं. आप्पांनाही बरोबर आणायला सांगितलं होतं. ऑपरेशनला पाच दिवस राहिले होते. मॅडमच्या समोर चार रिपोर्ट. चारही जवळजवळ सारखे. नंदाचा रस वर, निरोप वर. आप्पांचे तसेच, वसंतच्या नावाचे तसेच. शैलाची ग्रंथी काढलेली, गोळीने रस नॉर्मल केलेला, तरी निरोप वरच.

"मी ठणठणीत माणसं मागितली होती," मॅडम म्हणाल्या.

आप्पा उभेच राहिले. "मगे मी काय आजारी दिसतंय? चला भांडुपाक, टेकडी चढान दाखयतंय!"

"आणि हे दोन रिपोर्ट," मॅडम म्हणाल्या, "वडिलांचा आणि मुलाचा. शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. असं दोन माणसांचं होत नाही. खरं सांगा, कोणाचं रक्त आहे हे?"

मी खाली बघितलं. मला वाटलं, आता आपल्याला हाकलून देणार, आणि पाच दिवसांनी पोरीला कापणार.

आप्पांनी रागाने मफलर ओढून काढला. "माझाच! काय चुकला माझा? आमच्यात सगळ्यांचा सारखाच! माझ्या आवशीचो गळो असोच होतो. आतेचो असोच. वसंताचो असोच. हिचो, ह्या चेडवाचो, नंदाचो. हात धरून बघा, थरथरता. छातीर हात ठेवन बघा. ह्यो आजार न्हय, ह्यां आमचां घराणां!"

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या आप्पांच्या गळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी केसपेपर उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एक गोल काढला.

"तुमची आई," त्या म्हणाल्या. "आता सावकाश सांगा. त्यांना भावंडं किती?"

तासभर ते चाललं. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, आणि गळा असेल तर आत पेन्सिल भरायची. आप्पांनी अर्धं गाव उभं केलं. इतक्या वर्षांत आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं. आणि आम्हीही कोणाला सांगितलं नव्हतं, नाक लांब आहे म्हणून कोणी डॉक्टरला सांगतं का?

शेवटी मॅडमनी समजावलं. रस जास्त आहे, पण ह्या घरातल्या लोकांच्या शरीराला तो नीट लागू पडत नाही. म्हणून डोकं अजून मागतं, आणि ग्रंथी अजून करते. काहींच्या छातीला तो लागतो, ती धावते. बाकी शरीराला कमीच पडतो. आईबापांपैकी एकाकडून मुलांत येतं, सगळ्यांत नाही, काहींत. "जास्त आहे म्हणून काढून टाकलं, तर आहे तेही जातं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वसंत स्वतःचं रक्त द्यायला गेला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आमचं शरीर आमच्या घरासारखंच की! ओरडल्याशिवाय कोणी ऐकतच नाही!"

पण त्या खोलीत शैलाने एकच विचारलं होतं. "नंदाला कापायचं नाही ना?"

"नाही. ऑपरेशन रद्द करा. तिला फक्त बघत राहायचं."

मग मॅडमनी शैलाचा जुना ऑपरेशनचा कागद उचलला. पुष्कळ वेळ वाचला. म्हणाल्या, "तुम्हाला गोळी बरीच जास्त लागेल. इतरांपेक्षा कितीतरी जास्त. हळूहळू वाढवू." जरा थांबून, "तेव्हा हा दुसरा आकडा कोणी बघत नव्हतं. लक्षात आलं नसतं."

शैला म्हणाली, "बरं."

*

मॅडमनी आमच्या डॉक्टरांसाठी इंग्रजीत लांब चिठ्ठी दिली होती. मी ती दवाखान्यात नेऊन दिली. पेशंटांची गर्दी होती. त्यांनी खिशात ठेवली.

रविवारी सकाळी ते आमच्या खोलीवर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी खुर्ची पुसून दिली. ते बसले. नंदा दोरीच्या उड्या मारत होती, मोजत होती, मध्येच आकडे गाळत होती. डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं, गळ्याला हात लावला, नाडी बघितली, सोडून दिली. ती परत उड्या मारायला गेली.

"रद्द केलं ना ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"हो, डॉक्टर," मी म्हटलं.

शैला आतून आली. हात पदराला पुसले. तिच्या अंगात स्वेटर होता, वाढवलेली गोळी सुरू होऊन चारच दिवस झाले होते. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही होता म्हणून पोर वाचली. तुम्ही ती चिठ्ठी लिहिली नसती तर आम्हाला कुठलं कळणार होतं? आम्ही अडाणी माणसं."

डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

"नंदा, इकडे ये. डॉक्टरांना नमस्कार कर." नंदाने दोरी टाकून पटकन नमस्कार केला आणि पळाली. मग शैला स्वतः वाकली. वाकताना तिचा पदर खांद्यावरून घसरला. गळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तो वण होता, आणि त्याच्यावर नवा आलेला गळा.

डॉक्टरांनी पाय मागे घेतले. इतके पटकन, की खुर्ची भिंतीला लागली. शैला तशीच वाकलेली राहिली, हात पुढे करून. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. तिने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर उठले. दाराशी त्यांच्या चपला होत्या, त्यात पाय घालायला त्यांना वेळ लागला. एक पट्टा टाचेखाली तसाच मुडपून राहिला. मी "डॉक्टर..." म्हणालो. ते थांबले, वळले नाहीत. मग नळावरच्या बायकांमधून वाट काढत ते गल्लीतून खाली निघून गेले.